वस्तऱ्याची दाढी का झोंबते?

दाढी उरकून खुर्चीतून उठताना गळ्यापाशी आग होऊ लागली की गिऱ्हाईक बहुधा एकच निदान करतं: आज वस्तरा फार तेज होता. मुरलेला कारागीर ते मुकाट ऐकून घेतो, पण घडलेलं असतं नेमकं उलटं. खरोखर तेज वस्तरा गालावरून फिरलेला कळतसुद्धा नाही, केस तुटल्याची बारीक करकर तेवढी कानाला ऐकू येते. आग होते ती धार उतरलेल्या पात्याने, नीट न भिजलेल्या केसांनी आणि या दोन्ही उणिवा भरून काढायला हाताने लावलेल्या जोराने. जळजळीची कारणं मोजायला बसलं तर डझनभर निघतील, पण त्यांतली बरीचशी फिरून फिरून दाबापाशीच येतात. पातं सहज कापत नाही म्हणून हात दाबला जातो, आणि दाबलेलं पातं केसाबरोबर कातडीही नेतं.

कातडी नेतं, यात अतिशयोक्ती नाही. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. दाढीचा एकेक केस त्याच्या कितीतरी पट जाड, म्हणजे १०० ते १५० मायक्रोमीटरच्या घरातला. हा नाजूक थर शरीरातलं पाणी आत धरून ठेवतो आणि बाहेरच्या साबणाला, धुळीला, जंतूंना अडवतो. दाढी करताना त्याचे कण निघतातच. पात्यावरून पुसून घेतलेल्या फेसात केसांच्या तुकड्यांबरोबर त्वचेचे सूक्ष्म पापुद्रेही असतात. थोडे निघाले तर बिघडत नाही, त्वचा ती झीज भरून काढते. पण एकाच जागेवरून पातं तीन-चारदा जोर लावून गेलं की हा थर ठिकठिकाणी विरतो, त्वचेतलं पाणी उडू लागतं आणि खालच्या वेदनातंतूंना बाहेरचा प्रत्येक स्पर्श लागू लागतो. चेहरा ओढल्यासारखा वाटणं, चुरचुरणं, लाल होणं हे सगळं मग ओघाने येतं. रक्ताचा थेंब न दिसताही गाल सोलवटलेला असू शकतो. त्यातून त्वचा सपाट नसतेच. केसाच्या मुळाशी ती किंचित उचललेली असते आणि दाबून धरलेल्या पात्याच्या तडाख्यात आधी हे उंचवटे सापडतात.

त्वचेचं हे असं. केसाची गोष्ट वेगळी आहे. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला, कोरडा असताना चांगलाच चिवट. पाणी मिळालं की त्याचा स्वभाव पालटतो. पूर्ण कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी पिऊ शकतो. लांबीत तो दोन टक्केही वाढत नाही, जाडीत मात्र १४-१५ टक्क्यांनी फुगतो. असा फुगलेला केस मऊ असतो आणि तो कापायला कितीतरी कमी जोर पुरतो. अडचण एवढीच की पाणी आत मुरायला वेळ लागतो. केसावर त्वचेतून आलेलं तेल असतं, ते साबणाने निघावं लागतं, मग कोमट पाणी दोन-तीन मिनिटं तरी केसांवर टिकावं लागतं. अंघोळ झाल्यावर केलेली दाढी सुखाची होते ती एवढ्यासाठी. रविवारी सकाळी सलूनमध्ये रांग लागलेली असते, कारागीर गालावर पाण्याचा फवारा मारतो, ब्रश चार वेळा गोल फिरवतो आणि लगेच वस्तरा उघडतो. त्या दाढीची जळजळ फवारा आणि वस्तरा यांच्यात न घालवलेल्या त्या दोन मिनिटांत ठरून गेलेली असते. माझ्या मते वस्तऱ्याच्या दाढीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच, भिजवणं.

फेसाची कामं दोन. तो केसांवर पाणी धरून ठेवतो आणि पातं व त्वचा यांच्यात ओल्या, निसरड्या पदराचं अंतर राखतो. हवेने फुगलेला, मोठ्या बुडबुड्यांचा फेस दिसतो भरपूर, पण त्यात पाणी कमी. चांगला फेस दाट, चकचकीत आणि बारीक कणांचा असतो आणि ब्रशने चेहऱ्यावरच मिनिटभर घोटला की केसही उभे राहतात. इथे पाण्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात गावोगावी आणि शहरांच्या नव्या वस्त्यांतही बोरचं पाणी वापरतात आणि ते पुष्कळदा जड असतं. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला दुष्फेन पाणी म्हणतो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळून न विरघळणारा साका तयार करतं. साबण त्यातच खर्ची पडतो, फेस बसतो आणि साका कातडीला चिकटून राहतो. मग पातं निसरड्या पदरावरून न सरकता अडखळत जातं. अशा ठिकाणी ब्रश भिजवण्यापुरतं वाटीभर पिण्याचं पाणी घेतलं तरी फरक जाणवतो.

आता धार. धार म्हणजे पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेघ. चांगल्या वस्तऱ्यात ती एका मायक्रोमीटरहूनही बारीक असते. एवढ्या बारीक पोलादाचं काय होतं हे २०२० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जानलुका रोशिओली आणि जेम तासान यांच्या चमूने 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी पातं केसाने झिजतं, हे कोडं होतं. रोशिओलींनी रोजच्या वापरातल्या रेझरने स्वतःची दाढी केली आणि दर वेळी ते पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार गोलसर होत जाईल अशी अपेक्षा होती. दिसलं वेगळंच: धारेचे बारीक टवके उडाले होते. मग सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापण्याचं छोटं यंत्र बसवून त्यांनी चित्रण केलं. पातं केसाला काटकोनात भिडलं तर टवका उडत नाही. केस कापला जाण्याआधी वाकला, पोलादाच्या त्या जागी कमी-अधिक कठीण कणांची सीमा असली आणि केसाची कड नेमकी तिथे भिडली, की टवका उडतो.

ते प्रयोग साध्या रेझरच्या पात्यांवरचे होते, पण वस्तऱ्याच्या धारेचंही पोलादच असतं आणि तिला भिडतो तोही केसच. टवके उडालेली धार केस एका फटक्यात तोडत नाही, आधी ओढते. ओढलेला केस मुळाशी हिसका देतो आणि तिथल्या चेता जाग्या होतात. दाढी 'ओढते' अशी तक्रार आपण करतो ती यामुळे. शिवाय बोथट धारेपुढे त्वचा दबते, खाली जाते आणि मग फुगवटा होऊन पात्यापुढे येते. पिकलेला टोमॅटो बोथट विळीवर धरला की साल फाटण्याआधी आतला गर चेपतो, तसं. तेज धारेला त्वचा एवढी दाबावीच लागत नाही.

वस्तऱ्याला निसण्यावर धार लावणं हे क्वचितचं काम, रोजचं काम चामोटीचं. जुना कारागीर खुंटीला अडकवलेला चामड्याचा पट्टा डाव्या हाताने ताणून धरी आणि वस्तरा पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने सरकवी. टोकाला पोचल्यावर वस्तरा उचलून उलटवायचा नाही, पाठीवरच कुशीला वळवायचा, म्हणजे धार चामड्यात रुतत नाही. या घासण्याने पोलाद फारसं झिजत नाही, वाकलेली, कलंडलेली धार पुन्हा सरळ रेषेत येते. पट्टा सैल धरला किंवा वस्तरा दाबला तर चामडं धारेभोवती वर येतं आणि धार सरळ होण्याऐवजी गोल होते. म्हणजे दाबाचा दोष चेहऱ्यावर पोचण्याआधी चामोटीवरच सुरू होतो.

उलटा दोषही असतो आणि तो नवख्यांना चकवतो. दगडावर गरजेपेक्षा जास्त घासलं तर धारेला धातूचा सुट्टा, पातळ पापुद्रा लटकतो. अंगठ्याच्या नखाला तो तेज भासतो, पण दाढीवर पहिल्याच फटक्यात मोडतो आणि खाली खडबडीत कड उरते. जाड कणांच्या दगडावर काम थांबवलं तरी धारेला बारीक दाते राहतात. केस तुटतात, पण गालावर झणझणतं. दोन्ही वेळा धार 'तेज' आहे असंच वाटतं. वस्तरा तेज असल्याने आग झाली, हा समज बहुधा अशा धारांनीच रुजवला असावा.

आज महाराष्ट्रात बहुतेक सलूनमध्ये दगड आणि चामोटी दिसत नाही. वस्तरा म्हणजे ब्लेड अडकवायची मूठ. दुधारी ब्लेड कागदाच्या वेष्टनातच दुमडून मध्ये कटकन मोडायची आणि अर्धी आत बसवायची. हे पातं केवळ ०.१ मिलिमीटर जाडीचं, नवं असताना जुन्या वस्तऱ्याइतकंच, किंबहुना जास्त तेज. दर गिऱ्हाइकाला नवी ब्लेड लावता येते, ही आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी सोय. पण तिच्यासोबत दोन दोष आले. एक, ब्लेडचं मोडलेलं टोक मुठीबाहेर राहिलं तर तेच कानाजवळ, जबड्याच्या वळणावर आधी टेकतं आणि लांब बारीक ओरखडा उठतो. दुसरा दोष वजनाचा. जुना पोलादी वस्तरा अंगच्या भाराने कापायचा, हाताने तो फक्त वळवायचा. हलक्या मुठीला भार नाही, म्हणून तो हाताकडून येतो. हलका हात आणि जड हात यांतला फरक या वस्तऱ्यावर जास्त उघडा पडतो.

कोनाचंही तसंच. जुन्या वस्तऱ्याची पाठ जाड ठेवण्यामागे हिशेब आहे. निसण्यावर तो आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात आणि पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, नेहमीच्या घडणीत १६-१७ अंशांच्या आसपास. कारागिराला कोन मोजावा लागत नाही. चेहऱ्यावर मात्र असा आधार नसतो. तिथे पातं त्वचेशी ३० अंशांच्या आसपास धरावं लागतं, म्हणजे वस्तऱ्याची पाठ त्वचेपासून दोन पाठींएवढी वर. याहून आडवं धरलं तर केस न तुटता ओढला जातो. उभं धरलं तर पातं कापायचं सोडून खरवडायला लागतं आणि त्वचेचा वरचा थर पट्ट्यापट्ट्याने जातो. पॅरिसमधले हत्यारं बनवणारे ज्याँ-जाक पेरे यांनी अठराव्या शतकात पुरुषांना स्वतःची दाढी करायला शिकवणारं पुस्तक लिहिलं आणि पात्याला लाकडी आडोसा बसवून त्याची थोडीच धार बाहेर ठेवली. पुढच्या सगळ्या सेफ्टी रेझरांनी हेच केलं: हातातला कोन काढून घेऊन यंत्राकडे दिला. उघड्या वस्तऱ्यात तो अजून हातातच आहे. गालावर सहज सांभाळला जाणारा कोन हनुवटीच्या वळणावर आणि कंठमण्यापाशी दर बोटभर अंतरावर बदलावा लागतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून ते वळण सपाट करायचं असतं. हे न केल्याने होणाऱ्या जखमा हनुवटीवर सर्वांत जास्त दिसतात.

पण ज्याला वारंवार पुटकुळ्या येतात त्याने कोनाआधी केसांची दिशा पाहावी. गालावर केस साधारण खाली वळलेले असतात. गळ्यावर ते कुठेही वळलेले असतात: कुणाचे वर, कुणाचे आडवे, आणि कित्येकांच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना भोवरे असतात. दोन दिवसांची दाढी वाढू द्यावी आणि बोटाने चारही दिशांनी चाचपून पाहावं. ज्या दिशेने बोट अडत नाही ती सुलटी. कारागिराला हे पाहायला वेळ नसतो. तो गळ्यावर सवयीने वरून खाली जातो, मग गुळगुळीतपणासाठी खालून वर. भोवरा असला तर या दोन्हींतली एक दिशा कुठेतरी उलटी पडतेच.

उलट्या हाताने केस जास्त खोलवर तुटतो. त्यात कातडी जोरात ताणलेली असली तर सोडल्याबरोबर केसाचं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. टोक तिरपं कापलेलं, टोकदार. सरळ केस त्याच वाटेने वर येतो. कुरळा केस आतच वळतो आणि मुळाभोवतीची भिंत भेदून त्वचेत शिरतो, किंवा बाहेर येऊन, वाकून शेजारच्या त्वचेत पुन्हा घुसतो. शरीर त्याला परका पदार्थ समजतं, सूज येते, टणक पुटकुळी उठते. ही जळजळ दाढीच्या दिवशी नसते, एक-दोन दिवसांनी दिसते, म्हणून तिचा संबंध वस्तऱ्याशी लावला जात नाही. कृष्णवर्णीय आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांत हा त्रास इतका आहे की अमेरिकेच्या सैन्यात दाढी न करण्याची वैद्यकीय सवलत द्यावी लागते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केसाच्या मुळाशी असणाऱ्या एका केराटिनच्या जनुकातला बदलही या त्रासाशी जोडला गेला. आपल्याकडेही ज्यांचे केस जाड आणि वळणदार आहेत त्यांची मान याची साक्ष देते. अशांनी गुळगुळीतपणाचा हट्ट सोडावा. सुलटा हात, फार तर पुन्हा फेस लावून आडवा हात, इतकं पुरे. फेस निघून गेलेल्या जागेवर 'राहिलेला एक केस' काढायला पातं पुन्हा फिरवणं ही सवय तर मोडायलाच हवी.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेबद्दल एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. गोऱ्या त्वचेवर जळजळ लाल दिसते आणि ओसरते. आपल्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, पण सूज येऊन गेली की तिथे रंगद्रव्य साठतं आणि जबड्याखाली काळपट छटा उरते. ती जायला महिने लागतात. तिच्यावर क्रीम चोळत राहायचं आणि रोज उलट्या हाताने घोटून दाढी करायची, यातून काही साधत नाही, कारण सूज रोज नव्याने येते.

दाढीनंतरच्या उपचारांतही आग लपलेली असते. त्वचा किंचित आम्लधर्मी, सामू पाचच्या आसपास. साबणाचा सामू नऊ-दहा. तो पुरता धुतला गेला नाही तर विरलेल्या थराला आणखी त्रास देतो. आफ्टरशेव्हमधल्या अल्कोहोलची गंमत वेगळी. वेदनातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राही असतो. मिरचीतला कॅप्सेसिन याच ग्राहीला जागं करतो. १९९७ साली हा ग्राही ओळखणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. एरवी हा ग्राही ४२-४३ अंश सेल्सियसच्या वर 'गरम' असा इशारा देतो. अल्कोहोल तो उंबरठा ३४ अंशांपर्यंत खाली आणतं आणि चेहऱ्याच्या त्वचेचं तापमान जवळपास तेवढंच असतं. म्हणजे स्वतःच्या अंगचीच ऊब भाजल्यासारखी वाटते. ही आग जंतू मरत असल्याची खूण मानतात, पण ती फक्त ग्राहीचा उंबरठा खाली आल्याची खूण आहे.

तुरटीला मी वेगळं ठेवेन. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं हे सल्फेट प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तस्राव थांबवतं, आणि जिथे थर विरला आहे तिथे नेमकं झोंबतं. त्यामुळे ती दाढीची परीक्षाही घेते: कुठे झोंबलं ते लक्षात ठेवलं की हात कुठे जड पडला ते कळतं. मात्र तोच खडा दहा चेहऱ्यांवर फिरत असेल तर नको म्हणावं. त्याची पूड करून स्वच्छ पाण्यातून लावता येते.

तीच काळजी पात्याची. पिवळ्या टोकाच्या, दुखऱ्या पुटकुळ्या केसाच्या मुळाशी आल्या तर ती नुसती जळजळ नसते, जंतुसंसर्ग असू शकतो, आणि गोल, खवले सुटणारा चट्टा उठला तर बुरशीही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस तग धरतो, म्हणून पातं नुसतं कोमट पाण्यात बुडवून पुसणं पुरत नाही. ब्लेड आपल्यासमोर नवी मोडली जाते ना, हे पाहणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

झोंबायला लागलेल्या गालावर त्या दिवशी गार पाणी, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नको. आत वळलेला केस सुईने उकरू नये, दाढी काही दिवस थांबवली की तो बहुधा आपणहून वर येतो. चट्टे पसरत असतील, पू होत असेल किंवा मधुमेह असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. आणि पुढच्या वेळी खुर्चीत बसताना, कापड गळ्याभोवती बांधलं जायच्या आत सांगावं: दादा, आधी नीट भिजवा, आणि गळ्यावर उलटा हात नको. हे ऐकल्यावर चांगला कारागीर वस्तरा बाजूला ठेवून पुन्हा ब्रश हातात घेतो.